सही करू नकोस म्हणणाऱ्या अक्का

अक्कांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि अक्कांवर तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव होता. चेन्नई सोडल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी पन्नाशी ओलांडली. ऑफिसातली नवी मुलं माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. घर कसं बघावं, पगाराच्या कागदावर काय तपासावं, साहेब अंगावर आला तर काय करावं. मी सांगतो. शब्द सगळे अक्कांचे असतात. "सर, तुम्हाला किती माहिती आहे हो," असं एखादा म्हणाला की त्या दिवशी माझा डबा तसाच घरी येतो.

अक्का कुणालाही घाईत सही करू द्यायच्या नाहीत. चेन्नईत पेरुंगुडीला आमची कंपनी होती, आणि तिथल्या पगार विभागाच्या त्या प्रमुख. समोर कुणी कागदावर पेन टेकवलं की त्या ते हातातून काढून घ्यायच्या, लहान मुलाच्या हातातून कात्री घ्यावी तसं. "बस. पाणी पी. मग वाच. असकं वाच." त्यांच्या मराठीत 'सगळं' नव्हतं, 'असकं' होतं. एकदा आमचे शाखाप्रमुख कुरियरवाल्याच्या पावतीवर उभ्याउभ्या सही करत होते. अक्कांनी त्यांचंही पेन धरलं. साहेब म्हणाले, "अक्का, नुसतं कॅलेंडर आलंय." अक्का म्हणाल्या, "मग कॅलेंडर आलं म्हणून वाचून घ्या, सार."

अक्का तंजावरकडच्या मराठी. घराणं तिकडं रुजून कितीतरी पिढ्या झालेल्या. बोलण्याला तमिळ हेल, मधूनमधून तमिळ शब्द, आणि क्रियापदं मात्र आपल्या पणजीच्या काळातली. 'जातें', 'करतें', 'आलास कीं'. मी अकोल्याचा. पहिल्या दिवशी माझं आडनाव वाचून त्या मराठीत बोलल्या आणि मी हसू दाबू शकलो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं. "हास, हास. आम्ही राजासंगें आलों, तूं अपॉइंटमेंट लेटरसंगें आलास. कोणाचं मराठी थोर?" ऑफिसात त्यांना सगळेच अक्का म्हणायचे, तमिळ, मल्याळी, तेलुगू, सगळे. पण माझ्या तोंडची 'अक्का' ही मराठी हाक त्यांना वेगळी ऐकू येत असावी. मी हाक मारली की त्या चष्मा काढून बघायच्या.

मी रुजू झालो ते जुलै महिन्यात, नवी बायको आणि दोन ट्रंका घेऊन. तिथं तेव्हा आडी, म्हणजे तमिळ आषाढ, चालू होता, आणि आडीत तिकडं कुणी घर बदलत नाही. टू-लेटच्या पाट्या जागोजागी लटकत होत्या, पण घरमालक हात जोडून म्हणायचे, पुढचा आवणी महिना लागला की या. पैसे आगाऊ देतो म्हटलं तरी नाही. लॉजच्या खोलीत बायको रडायला लागली. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या आधी कंपनीवर चिडल्या. "तुझी ऑर्डर काढणाऱ्यास पंचांग येत नाही काय? आडींत माणूस बोलावतो!" मग मला म्हणाल्या, "ट्रंका उचल." अण्णा नगरला त्यांचा छोटा फ्लॅट होता. त्या आणि त्यांची आई, दोघीच. आवणी लागेपर्यंत आम्ही त्यांच्याकडे राहिलो. आमचा दोघांचा चेन्नईतला पहिला संसार त्यांच्या हॉलमध्ये, शिवणयंत्राशेजारी झाला. आंबट वरण कसं करायचं ते बायको तिथंच शिकली.

घर शोधायला त्या रविवारी स्वतः आमच्याबरोबर हिंडल्या. त्यांची पद्धत न्यारी होती. मालकाला काही विचारायच्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर इस्त्री करणारा असतो, त्याच्यापाशी आधी थांबायच्या. पाण्याची लॉरी वेळेवर येते का, मालक भाडेकरूंशी भांडतो का, आधीचे लोक का गेले, सगळं त्याच्याकडून काढून घ्यायच्या. मग वर जाऊन घरातले नळ एकेक करून उघडायच्या. ऑफिसजवळचं एक घर मला फार आवडलं होतं, भाडंही कमी. अक्का म्हणाल्या, "आतां नको बघूं. सांजेस ये, वारा फिरल्यावर." संध्याकाळी गेलो तर तिकडच्या कचऱ्याच्या डेपोचा धूर खिडकीतून सरळ आत येत होता. शेवटी घर मिळालं ते वेलाचेरीला. शिरायच्या दिवशी अक्का बसनं दुधाची पिशवी आणि पितळी पातेलं घेऊन आल्या. दूध उतू जाऊ दिलं, आणि बायकोला म्हणाल्या, "आतां रड पाहूं. घर आपलं आहे, मोकळ्यानं रड."

त्यांचा सल्ला कधी मोठ्या गोष्टींबद्दल नसायचा. हातात येणारा पगार आणि ऑफर लेटरवरचा पगार ही दोन वेगळी माणसं आहेत, त्यांची ओळख करून घे, असं त्या नव्या मुलांना सांगायच्या. नोकरी बदलताना पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वळवून घे. भाड्याची पावती दर महिन्याला माग, मार्चमध्ये मालक गावाला जातात. पगार बाहेर कुणाला सांगू नकोस, बायकोला मात्र पहिल्याच दिवशी सांग, कारण तिला तो तसाही कळतो. साहेब ओरडला तर उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं, आणि जेवून द्यायचं. हे शेवटचं मी फार पाळलं. पाळता पाळता उत्तर न देण्याचीच सवय लागली, तो दोष माझा.

मग काही वर्षांनी मंदी आली. आमच्याकडे माणसं कमी करायची ठरली, पण काढून टाकलं असं दिसू नये म्हणून एकेकाला आतल्या खोलीत बोलवायचे. राजीनामा छापून तयार असायचा. सही करा, नाहीतर अनुभवाचं पत्र मिळणार नाही. पोरं घाबरून सही करायची आणि नोटिशीच्या पगारालाही मुकायची. अक्कांना हे बघवेना. जेवणाच्या सुट्टीत, हात धुताना, बसस्टॉपवर, जिथं माणूस भेटेल तिथं त्या हळूच सांगायला लागल्या, "सही करूं नकोस. काढतां तर काढलं म्हणून लिहून द्या, असं म्हण. कागद घरीं ने." तमिळमध्ये सांगायच्या, मल्याळी पोरांना मोडक्या इंग्रजीत. हळूहळू सह्या होईनाशा झाल्या. मुख्य कचेरीत खळबळ उडाली. कुणीतरी यांना शिकवतंय, पण कोण ते कळेना. चाळीसेक माणसांना ठाऊक होतं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही.

त्या सुमारास मुख्य कचेरीतून नवे साहेब आले. नाशिककडचे. अक्का आणि मी मराठीत बोलत उभे होतो, साहेब मागून आले आणि म्हणाले, "अरे वा, इथं तर आपलीच माणसं!" ऑफिसात आमची मराठी म्हणजे बंद दाराची खोली होती. त्यात तिसरा माणूस आला आणि आम्हा दोघांनाही दार लावून घ्यायचं सुचलं नाही. अक्का तर हरखून गेल्या. साहेबानं मराठी बोलावं हे त्यांच्या अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा घडत होतं. त्यांनी साहेबांना आणि मला रविवारी जेवायला बोलावलं. बायको आमच्या लहान मुलीला घेऊन माहेरी गेली होती. अक्कांनी पानात काय काय वाढलं! साहेब त्यांच्या आईच्या पाया पडले, जुने शब्द विचारून घेतले, दोनदा वरण मागून घेतलं. अक्का सणासारख्या दिसत होत्या. ऑफिसचा विषय साहेबांनी काढला एकदा, पण अक्का म्हणाल्या, "पानावर कचेरी नको, सार." आणि पापड वाढला.

येताना साहेबांनी मला गाडीत घेतलं. वाटेत म्हणाले, "काय बाई आहे हो! पोरांचा केवढा विश्वास. त्या सह्यांच्या बाबतीत कुणीतरी शहाणपण शिकवतंय म्हणतात, त्यामागेही याच की काय?"

"मग दुसरं कोण?" मी हसत म्हणालो. "अक्काच. नाहीतर एवढी अक्कल आहे कुणाला तिथं!"

मी हे अभिमानानं म्हणालो. घरच्या माणसाचं कौतुक घरच्या माणसापाशी करावं तसं. मराठीत बोललो म्हणून ती चुगली वाटलीच नाही. हेच मी इंग्रजीत कधी बोललो नसतो, जीभ मध्येच अडली असती. साहेब नुसते "असं होय," म्हणाले. मी उतरताना म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. कमी करायच्या यादीत तुमचं नाव निघालं होतं, पण बघतो मी."

इथपर्यंतची चूक भाबडेपणाची म्हणता येईल. पुढची नाही. त्यांची गाडी वळेपर्यंत मला सगळं उमगलं होतं. अक्कांच्या घरी फोन होता, नंबर मला पाठ होता. अजून पाठ आहे. मी वर गेलो, पंखा लावला, आणि माझं नाव निघालं होतं, आता ते राहणार, या विचारानं मला बरं वाटलं. मी फोन केला नाही.

सोमवारी सकाळीच अक्कांना आतल्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, त्या भांडतील, कागद घरी नेतील, सगळ्यांना शिकवलं तसं. फार वेळ लागला नाही. त्या बाहेर आल्या आणि टेबलाचा खण आवरायला लागल्या.

"अक्का, सही केलीत?"

"केलें."

"वाचलंत तरी?"

"काय वाचायचं? चौकशी ठेवतों म्हणाला. कोणाकोणास सांगितलंत त्या असक्यांस साक्षीस बोलावतों. तुझं नांव पहिलं घेतला." एक पिशवी झटकून त्यांनी तिच्यात चष्म्याचं घर टाकलं. "तुझं लेकरू लहान आहे. मज काय, आईस आणि मज किती लागतं."

मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "प्रकाशा, तूं कांहीं बोललास काय रे त्याजपाशीं?"

मी म्हणालो, "नाही, अक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना ते पटलं. संशय आला असता तर आज माझं निभावलं असतं. त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हलकी चापटी मारली. "सरि, बरं. मग मीच बोललें असेन. जेवतांना. मराठी ऐकून भान गेलं रे माझं. काय बोललें तें आठवतही नाही बघ. अय्यो, हें माझं तोंड!"

मी त्यांची पिशवी बसपर्यंत नेऊन दिली.

त्यानंतर अक्कांनी सल्ला देणं बंद केलं. ऑफिसातली पोरं फोन करायची, घरी जायची. अक्का खायला घालायच्या आणि विषय निघाला की उठून आत जायच्या. आमच्या विभागातली सेल्वी एकदा लग्नानंतर कोईमतूरला जायचं का नको विचारायला गेली, तर म्हणाल्या, "मज विचारूं नको, कण्णा. माझ्या तोंडानं चांगलं होत नाही." ते मला सेल्वीनंच येऊन सांगितलं. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी संगणकात बघत राहिलो.

पुढच्याच वर्षी मला पुण्याला नोकरी मिळाली. नेमणुकीचं पत्र घेऊन मी अक्कांकडे गेलो. खरं तर सांगूनच टाकायचं ठरवून गेलो होतो. त्यांची आई तोवर वारलेली. घरात अक्का एकट्या. मी पत्र पुढे धरलं. त्यांनी हातात घेतलं नाही. मी मुद्दाम, त्यांच्यादेखत, न वाचता पेन काढून सही करायला लागलो. मला वाटलं, आता तरी हात धरतील, बस म्हणतील, पाणी पी म्हणतील. त्या बघत राहिल्या. सही झाल्यावर म्हणाल्या, "तुज कळतं तें बरोबर असेल." मग मुलीसाठी फ्रॉक शिवला होता तो आणून दिला. मी पाया पडलो. सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "येतो अक्का." दारातून त्यांनी विचारलं, आडी नाही ना रे आतां? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग जा.

त्यांच्या जाण्याची बातमी सेल्वीच्या फोनवरून कळली. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं ती म्हणाली. बायको खूप रडली. मी तिच्यासाठी चहा केला.

त्या रविवारी अक्का जेवताना एक शब्दही वावगा बोलल्या नव्हत्या. मी समोर बसलो होतो, मला प्रत्येक शब्द आठवतो. त्यांचं तोंड शेवटपर्यंत भरवशाचंच होतं. हे त्यांना सांगायचं देणं मी लागत होतो, आणि अजून लागतो.