कांद्याची सावड

नारायणगावात आमचं कापडाचं दुकान. आम्ही जैन. जमिनीखाली वाढणारं काही घरात येत नसे, कांदा तर मुळीच नाही. म्हणून कांदे लावायला निघालो तेव्हा आईला खरं सांगायची छाती झाली नाही. "मित्राबरोबर पिंपळवंडीला जातोय," एवढंच म्हणालो.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. हा मित्र जुन्नरचा, मुसलमान, लेडीज टेलर. मला पुरुष आवडतात हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं, कारण त्याचंही तेच. त्याच्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला येणाऱ्या दोघी पिंपळवंडीच्या मळ्यात एकत्र राहत. एकीला बापाचं शेत मिळालेलं, दुसरी सासर सोडून आलेली. लोक त्यांना मैत्रिणी म्हणायचे तोवर बरं चाललं होतं. मग कुणीतरी कुजबुजलं आणि वस्तीवरच्या बायकांनी त्यांची सावड बंद केली. सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या.

"मग मजूर लावा म्हणावं," मी म्हणालो.

"मजूर काय आभाळातून येणार? त्याच बायका की," टेलर म्हणाला.

रोप वाढून चाललं होतं. लावणी हुकली की शेत ताब्यात घ्यायचं आणि दुसरीला माहेरी धाडायचं, यासाठी भावकी टपूनच बसली होती.

रविवारी आम्ही तिघं गेलो. मी, टेलर आणि शिनोलीहून एसटीने आलेले एक गुरुजी, तेही आमच्यातलेच. वाफ्यात पाणी सोडलेलं होतं. टेलर टाके घालावेत तसा सरळ ओळीत लावत सुटला. मी मात्र एकेक रोप मन लावून खोल गाडत होतो. जमिनीखालचं म्हणून आपण खात नाही, म्हणजे खोलच असणार, हा माझा हिशोब. अर्धा वाफा झाल्यावर शेताची मालकीण मागे येऊन उभी राहिली.

"भाऊ, कांदा लावताय का पुरताय? एवढा खाली गेल्यावर फुगंल कसा त्यो?"

दुसरी हसून हसून चिखलात बसली. मला रागच आला. सुट्टीच्या दिवशी कंबरडं मोडून घ्यायचं आणि वर हे! मग माझंही मला हसू फुटलं. सगळी रोपं उपटून पुन्हा लावली. निम्मं त्या दिवशी झालं, उरलेलं पुढच्या रविवारी. आपल्यासारखी माणसं उजेडात, मोकळेपणी हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. फार बरं वाटलं.

निघताना मालकीण म्हणाली, "सावड अंगावर ठेवत न्हाई आमी. तुमचं काय काम असंल ते सांगा."

"दुकानदाराचं शेतात कसलं काम?"

"घरी आई हायत ना? उन्हाळ्यात पापड करत्यात का न्हाई?"

कांदा काढून झाल्यावर दोघी खरोखरच आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन दारात हजर. "भाऊंनी आमचा कांदा लावला, त्याची सावड," असं मालकिणीने उंबऱ्यातच सांगून टाकलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी गुपचूप माठाकडे वळलो.

दर वर्षी पापड लाटताना 'सून असती तर' हे आईचं पालुपद ठरलेलं. त्या दिवशी तिने दुसरीला विचारलं, "तुझे मिस्टर काय करतात?"

"न्हाईत. आमी दोघीच असतो."

"आजारी पडलीस तर?"

"ही हाय की."

आईचं लाटणं थांबलं. "आणि याला कोण आहे? लग्नाचं नाव काढू देत नाही. मी गेल्यावर कोण आहे याला?"

मालकीण पापड उलटत म्हणाली, "आमी हाय की, काकू. टेलर हाय, गुरुजी हायत. समदी येतो की."

संध्याकाळी दोघींना आईने डबाभर पापड बांधून दिले.

सुनेचा विषय नंतर निघाला नाही. दिवाळी सरल्यावर एका सकाळी आई देरासरातून दर्शन घेऊन परतताना दुकानात आली, गल्ल्यापाशी उभी राहिली.

"त्या पोरींचा कांदा कधी लावायचाय, विचारून ठेव," ती म्हणाली. "तू जा. दुकान मी बघेन."