बुखाऱ्याच्या भिंतीवरचं उष्टं

ताटात काहीही टाकायचं नाही, असा आमच्या घरात आईचा कायदा आहे. कढीपत्ता आणि मिरचीचे देठ, एवढ्याच गोष्टींना त्यातून सूट. ओमानमध्ये सीबला आम्ही राहतो, तिथल्या आमच्या फ्लॅटवर एकदा बाबांचे साहेब जेवायला आले होते, तर आईने त्यांनाही "थोडासाच राहिलाय भात" म्हणत ताट स्वच्छ करायला लावलं. मी अशा बाईची मुलगी. तेव्हा बुखाऱ्यात जे झालं, त्याचा दोष मी सरळ तिच्यावर ढकलते.

अल खौदच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते. इतिहासाच्या ओमानी मॅडम आम्हा नऊ जणींना दोन आठवड्यांसाठी उझबेकिस्तानला, बुखाऱ्यात घेऊन गेल्या, तिथली संस्कृती आणि इतिहास शिकायला. निघताना आई म्हणाली, "शाळेत मुघलांशी झालेल्या लढाया पाठ केल्यास, आणि आता त्यांच्याच मूळ गावी पाहुणी म्हणून चाललीस होय?"

सकाळी वर्ग, दुपारी मॅडमच्या "यल्ला, यल्ला", म्हणजे "चला, चला"च्या तालावर मदरसे, मिनार आणि जुने हौद. मी वहीत राजवटी उतरवून घेत होते, पण माझा खरा अभ्यास झाला तो राहायला मिळालेल्या घरात. घरात साठीची मालकीण आणि शाळेत इंग्रजी शिकवणारी तिची सून. सून घरी नसली की आमचं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. पहिल्याच दिवशी मी नान पालथा ठेवला, तो मालकिणीने झटकन सुलटा केला. मी सुरी उचलली, तर हातावर हलकीशी चापटी बसली. नान हातानेच मोडायचा असतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिळ्याला, एक वाळलेला नान टांगलेला होता. कडेचा एक घास खाल्लेला. मी इतिहासाची विद्यार्थिनी, पण त्याबद्दल विचारावं असं मला सुचलं नाही.

निघायच्या सकाळी मालकिणीने ताटाएवढा ताजा नान माझ्यापुढे धरला आणि खा म्हणून खूण केली. मी घास घेतला. तिने नान परत घ्यायला हात पुढे केला. मला वाटलं, मला तो आवडला नाही असं समजून बिचारी उचलून नेतेय. मी नान छातीशी धरला, मान डोलावली आणि खायला बसले. तिने पुन्हा हात पुढे केला, मी आणखी भराभर खाल्लं. अर्ध्यावर जबडा दुखायला लागला, पण माघार घेणं रक्तात नाही. चार प्याले चहाबरोबर तो मी संपवला, तीळसुद्धा वेचून खाल्ले आणि रिकामे हात तिला अभिमानाने दाखवले.

तेवढ्यात सून आत आली आणि प्रकार कळताच हसून हसून खाली बसली. "घरातून जाणाऱ्याने एकच घास घ्यायचा असतो," ती म्हणाली. "उरलेला आम्ही जपून ठेवतो. माणूस परत येऊन तो संपवतो. तू तर परत यायचं कारणच खाऊन टाकलंस!" भिंतीवरचा नान तिच्या नवऱ्याचा होता. तो कामासाठी दूरदेशी गेला होता.

मालकिणीने डोळे पुसत दुसरा नान आणला. पोटात कणभर जागा नव्हती, तरी मी चावा घेतला. तिने माझा नान आपल्या मुलाच्या नानाशेजारी टांगला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

सीबला परतले ती बुखारा डोक्यात घेऊनच. तिथे उझबेक भाषा आणि इतिहासाचा एक वर्षाचा कोर्स होता, मॅडम शिफारस द्यायला तयार होत्या. अर्जाला आठवडा उरला होता. मला तिथे जायचंच होतं, इतकं दुसरं काही मला कधी हवंसं वाटलं नव्हतं.

"एक वर्ष? एकटी? खलास, विषय संपला," आई म्हणाली. बाबांनी मोबाइलमध्ये तोंड घातलं.

पुढे दोन दिवसांनी ती माझे फोटो बघत होती. भिंतीवरच्या नानांपाशी थांबली. मी सगळं सांगितलं. पहिला नान संपवल्याचं ऐकून ती म्हणाली, "बरोबर केलंस." दुसऱ्याचं ऐकून तिचा चेहराच बदलला.

"म्हणजे तुझं उष्टं त्या बाईच्या भिंतीवर आहे? चांगला अख्खा नान? अगं, निदान फोडणीचा तरी करायचा!"

मग तिने तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. "बाबा इकडे इब्रीला नोकरीला होते ना, तुझ्या जन्माआधी, दोन वर्षं मी पुण्यात एकटी होते," ती म्हणाली. "मला असं काही ठाऊक असतं, तर मीही एक पोळी ठेवली असती."

त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "अर्ज भरलास का?"

मी बघतच राहिले.

"बघतेस काय? आपल्यात अन्न अर्धवट टाकून येत नाहीत. जा आणि संपवून ये."

विमानतळावर जायला घरातून निघताना तिने एक पोळी माझ्या तोंडापुढे धरली. "एकच घास. सगळी खाशील तर बघ." उरलेली तिने फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवली. भिंतीवर टांगली तर सीबच्या दमट हवेत बुरशी येईल, असं तिचं म्हणणं.

बुखाऱ्यात माझा नान मी चहात बुडवून दोन दिवसांत संपवला. वसंतात मालकिणीचा मुलगाही आला, त्याचाही संपला. वर्षभराने मी सीबला परतले. दार उघडताच आईने मला हात धुवायला पाठवलं आणि ती पोळी तव्यावर गरम करून, तूप लावून पुढे ठेवली. वर्षाची शिळी पोळी चामड्यासारखी झाली होती. मी चावत होते, ती समोर बसून बघत होती. बुखाऱ्यातच पुढे शिकायला मला बोलावलंय, हे तिला कसं सांगावं, या विचारात मी शेवटचा तुकडा उचलला.

"थांब," आई म्हणाली. "तेवढा राहू दे."

आणि ती फॉइल आणायला उठली.