ह्येंच्या तोंडाला तुपाचा वास

न्हाणीच्या उंबऱ्यावरच ह्येंचा गुडगा दुमडला आन् आख्खा माणूस माझ्या अंगावर आला. मी खाली, हे वर. पाठीखाली ओली फरशी, छातीवर पोतं पडावं तसा भार, श्वास घ्यायला जागा न्हाय. पाळण्यातली बारकी आतनं रडतीया, सासू रानात भेंडी तोडायला गेलेली, सासरं गोठ्यात का कुठं कुणास ठावं. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच निघंना. ह्यांना लकवा मारल्यापास्नं एकच शब्द येतो, "आगं", तेवढाच ते सारखं म्हणत व्हते, आगं, आगं. आन् तसल्या घाबऱ्यात त्येंचं तोंड माझ्या नाकाशी आलं तवा मला वास आला. तुपाचा. तूप आन् खारीक.

आमच्या घरात ह्यांना तूप बंद व्हतं. मीच बंद केलेलं.

बारकीचं रडणं ऐकून सासरं आलं. आमी त्येंना आबा म्हणतो. म्हातारपण आलं तरी जुना पैलवान माणूस, काखेत हात घालून त्येंनी ह्यांना उचललं, मी पाय धरलं, खाटंवर बसवलं. लागलं कुणालाच न्हाय. वासाचं मी कुणाला बोलले न्हाय, पण त्या दिसापास्नं घरातल्या एकेकाकडं चोराकडं बघावं तशी बघाय लागले.

त्याचं असं हाय. हे लग्नाआधी तालमीत जायचे, नरसिंहपूरच्या बाजूला कुस्त्या मारलेल्या. मंग संसार लागला, तालीम सुटली, खाणं तेवढं तसंच ऱ्हायलं. वजन लई वाढलं, बीपी कुणी बघितलंच न्हाय, आन् एक दिस उजवी बाजू गेली. बारामतीत फिजिओवाल्या मॅडम हायत. त्या म्हणल्या, उजवा गुडगा आता एवढा भार पेलत न्हाय, वजन हळूहळू उतरवा, न्हायतर उभं ऱ्हायची भीती बसती आन् माणूस खाट धरतो. सुधरायला पयलं महिनंच कामाचं, म्हणल्या. मला आठवीतनं काढलेलं शाळंतनं, सगळं काय कळलं न्हाय, पण खाट धरतो हे कळलं. माझं वय काय, पोर केवढी.

घरी आल्या आल्या तूप, भजी, साखर बंद. एक भाकरी, डाळीचं पाणी, पालेभाजी, ताक. मी सोता चारायची. भाजीचं क्रेट मोजायचा काटा हाय आमच्याकडं, त्यावर खुर्ची ठिवून ह्यांना मोजायची. तर काटा खाली यायचा सोडून वर चाललेला.

हे पडायच्या आधी काट्यावर संशय घेतलेला. भेंडीचं क्रेट ठिवून बघितलं, बाजारातल्या वजनाशी जुळलं. मंग बघायला येणाऱ्या पावण्यांवर. आजाऱ्याला बघायला कोण रिकाम्या हातानं येत न्हाय, बिस्किटाचं पुडं, केळी, पेढं, समदं उशाशी ठेवत्यात. मी दारातच पिशवी घ्यायची आन् कपाटात टाकून कुलूप. डाळज गावची चुलत सासू जाताना बोललीच, आता नवऱ्याला बी कुलूप लाव म्हणजी झालं.

तरी काटा वरच. मंग ऱ्हायली सासू. ती खाटंजवळनं उठली की मी तिच्या पदराकडं बघायची, तिचा हात वास यील एवढा जवळ आला की नाक पुढं करायची. तिच्या ध्यानात आलं. तिनं हात सरळ माझ्या नाकाशी धरला. "घे वास. माझ्या पोराला मी वंगाळ घालीन व्हय?" हाताला भेंडीचा वास व्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण संशय काय गेला न्हाय, खोटं कशाला बोलू.

सकाळी आबा ह्यांना गोठ्याच्या उन्हात न्यायचे, तेल लावायला. तेवढ्यात माझा सैपाक व्हायचा. एक दिस चूल तशीच सोडली आन् बारकीला कडंवर घिऊन गोठ्याच्या मागनं गेले. आबा खारकंच्या लाडवाचा तुकडा ह्येंच्या डाव्या गालात ठेवत व्हते, वरनं चमच्यानं दूध, आन् गळ्यावरनं हात फिरवत म्हणत व्हते, गिळ पैलवान, सावकाश गिळ. हे खात व्हते. एवढा आनंद त्येंच्या तोंडावर मी लकवा मारल्यापास्नं बघितला नव्हता.

"आबा, मॅडमनी सांगितलंय वजन कमी करा."

"मॅडम कधी कुस्ती खेळल्यात का? तू त्याला रोज हलकं करतीस पोरी. त्यानं उठायचं कशाच्या जोरावर?"

"हे पडलं तर तुमच्या अंगावर न्हाय पडत, माझ्या पडत्यात."

आबांनी दुधाचा तांब्या खाली ठेवला. दुसऱ्या दिसापास्नं ते ह्यांना उन्हात न्यायला आलेच न्हायत.

मंग ह्यांनी तोंड मिटलं. मी घास पुढं केला की भिताडाकडं बघायचे. निम्मी भाकरी, कधी ती बी न्हाय. काटा भराभरा खाली आला आन् मला वाटलं, आपलं बरोबर व्हतं.

बारामतीला गेलो तर मॅडमनी मांडी दाबून बघितली आन् माझ्याकडं वळल्या. "मांडी कुठं गेली ह्यांची? अहो, पोट उतरवायचं व्हतं, मांस न्हाय. पायात मांसच न्हाय ऱ्हायलं तर हलकं शरीर बी उभं ऱ्हायचं न्हाय." डाळ घट्ट द्या, म्हणल्या, अंडी द्या, दूध द्या, पण तूप-साखर नको, आन् रोज उभं करा. गाडीत मी सगळा रस्ता त्या मॅडमवर बी संशय घेत आले. आधी कमी करा, आता खायला घाला. का ह्यांना आपल्या फेऱ्या वाढवायच्यात? पण शेजारी हे बसलेले, इजारीत पाय नुसता काठीसारखा हलत व्हता. ते मला दिसत व्हतंच की.

घरी आले ती सरळ गोठ्यात गेले. मी म्हणलं, आबा, चारा तुमीच, तुमच्याच हातनं खात्यात. दुधावरची साय मी काढून देती, अंडी उकडून देती, लाडू तेवढा नको. आबांनी मान हलवली. व्हय म्हणून हलवली का नुसतीच, मला कळलं न्हाय.

आता ह्येंच्या मांडीला जरा मांस हाताला लागतंय. गोठ्याच्या खांबाला धरून उभं ऱ्हात्यात. काल खांब सोडून, भिताडाला डावा हात लावून, हौदापातूर गेले. आबा मागं चालत व्हते, हात बी लावला न्हाय. मी दारातनं बघितलं आन् बारकीला एवढं आवळलं की ती रडली.

सांजच्याला ह्येंचं तोंड पुसताना परत वास आला. बारीकसाच, पण तुपाचाच.

बोलले तर आबा परत रुसत्याल, हे परत तोंड मिटत्याल, आन् मांडी परत जाईल. न बोलावं तर वजन परत चढंल, गुडगा परत दुमडंल, आन् त्या टायमाला माझ्या कडंवर बारकी असली तर. रातभर इचार केला, सकाळी दुधावरची साय काढून तांब्या आबांच्या हातात दिला, आन् काय बोलले न्हाय. अजून बोलले न्हाय. माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?