एका इंचात एक मैल

आमची मुलगी जन्मली तेव्हा मला भूल दिलेली होती. शुद्धीवर आले तोवर सगळं उरकलेलं होतं. ती मेलेलीच जन्मली होती, आणि दिवस मावळायच्या आत नवरा तिला कुठेतरी पुरून आला होता. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. कुठे पुरलं, ते मात्र कोणी सांगेना. माझी आई पुण्याहून आली होती. ती म्हणाली, "आईने ते विचारायचं नसतं गं. मन तिथेच घुटमळत राहतं मग." माझं मन तेव्हा कुठेच घुटमळत नव्हतं. ते नव्हतंच म्हटलं तरी चालेल.

आम्ही बंगळूरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नव्वदीची सुरुवात. नवऱ्याला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून आलो आणि बसवनगुडीत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. ओळखीपाळखी फार नव्हत्या, तरी समाचाराला माणसं आलीच. एक बाई म्हणाल्या, "मुलगीच होती ना, मग इतकं मनाला लावून घेऊ नकोस." मी त्यांना चहा दिला. एरवी मी त्यांना जिन्याखाली पोचवलं असतं, माझी जीभ काही गोड नाही. पण त्या दिवसांत मला कशाचाच राग येत नव्हता. आमटीत दोनदा मीठ पडलं तरी मी तीच आमटी मुकाट्याने जेवत होते.

आई परत गेल्यावर मी नवऱ्याला एकदा सरळ विचारलं, "कुठे आहे ती?" तो टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे निघाला होता. दारात थांबून म्हणाला, "मला नाही सांगता येणार." आणि आत जाऊन त्याने नळ सोडला. मला वाटलं, ह्यालाही मोठ्यांनी शपथ घातलेली दिसते. मला तिथे जाऊन छाती पिटायची नव्हती. नुसती जागा हवी होती. अमुक दिशेला, अमुक गावाजवळ, एवढं कळलं असतं तरी चाललं असतं.

खाली घरमालक राहायचे. सगळं घर त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायचो, आणि त्यांच्या बायकोला अक्का. मराठीच माणसं, पण कितीतरी पिढ्यांपासून इथली. त्यांची मराठी ऐकताना मला सुरुवातीला हसू यायचं आणि माझी ऐकून अक्का डोळे मोठे करायच्या. आमची कॉलेजपासूनची ओळख, त्यामुळे मी नवऱ्याला अरे-तुरे करायची. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "अगंबाई, नवऱ्याला अरे म्हणतीस? सरी, तुमच्या पुण्याचं तुम्ही बघून घ्या." सरी म्हणजे बरं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

अण्णा कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि बंगळूर ग्रामीण जिल्ह्याचा इतिहास लिहीत होते. तो त्यांना कोणी लिहायला सांगितला नव्हता. त्यांच्याकडे ब्रिटिशांच्या काळातले नकाशे होते, कापडावर चिकटवलेले, घड्यांवर फाटत आलेले. एका इंचात एक मैल. त्या नकाशांवर ट्रेसिंग पेपर ठेवून जुनी गावं, जुन्या वाटा, जुनी तळी उतरवून घ्यायची, मग नव्या नकाशाशी ताडून पाहायचं की काय राहिलं आणि काय गेलं, असं ते काम. पण म्हातारपणाने त्यांचा हात कापू लागला होता.

एका सकाळी अक्कांनी मला कॉफीला म्हणून खाली बोलावलं आणि अण्णांनी पेन हातात दिला. "पोरी, स्वल्प बघ की काढून. माझी रेघ तळ्यातनं निघती ती डोंगरातच जाती." मला कामाला लावायची ती युक्ती होती, एवढं मला कळत होतं. मी नाही म्हटलं नाही. हो म्हणायला काही वाटावं लागत नाही.

मग रोज सकाळी मी खाली जाऊ लागले. निळं म्हणजे पाणी, तुटक निळी रेघ म्हणजे पावसाळ्यापुरता ओढा. तळ्याला इकडे केरे म्हणतात. त्याचा बांध काळ्या जाड रेघेने दाखवलेला, आणि बांधाच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं. देऊळ, छत्र म्हणजे धर्मशाळा, आमराई, स्मशान, प्रत्येकाची खूण वेगळी. आणि गावाच्या जागी नुसता ठिपक्यांचा चौकोन असला की ते बेचिराख गाव, म्हणजे माणसं उठून गेलेलं. नव्या नकाशात ही गावं नव्हतीच. अण्णांचा सगळा जीव त्या चौकोनांत. साथ आली, पाणी आटलं, वाट बदलली, काहीतरी कारण असायचंच, आणि ते सापडलं की त्यांना दोन घास जास्त जायचे. "गाव मरत नाही गं. उठतं आणि रस्त्यापलीकडे जाऊन बसतं," असं ते म्हणायचे. मी मान डोलवायची आणि रेघ ओढायची. ट्रेसिंग पेपरखाली एक जिल्हा हळूहळू उमटत होता आणि मला त्याचं सुखदुःख नव्हतं. एकच गोष्ट मी न सांगता करत होते. स्मशानाची खूण आली की पेन जरा थांबायचा. ह्यातलं एक तिचं आहे, असं मनात यायचं, आणि पेन पुढे जायचा.

नकाशावर जे दिसायचं ते जागेवर जाऊन बघायला कोणीतरी हवं होतं. अण्णांना ते झेपत नव्हतं. एका शनिवारी नवरा आपण होऊन म्हणाला, "मी जातो रविवारी. स्कूटर आहेच." मला नवल वाटलं. इतिहासाशी ह्याचा संबंध शाळेत मार्कांपुरता. पण तो जाऊ लागला. सकाळी डबा घेऊन निघायचा, तिन्हीसांजेला लाल मातीने माखून यायचा आणि खाली अण्णांना सांगायचा, अमुक आमराई तोडली, अमुक छत्रात आता रेशनचं दुकान आहे. कानडीचे चार शब्दही शिकला. दर वेळी तो कनकपुरा रोडच्याच बाजूला जातो, हे माझ्या लक्षात आलं होतं. अण्णांनी मागडीकडचं काम दिलं तर म्हणायचा, पुढच्या रविवारी. तो टाळतो आहे असं मला वाटलं. ती मागडीच्या बाजूला असणार, म्हणून हा तिकडे जात नाही. मी मनातल्या मनात मागडी रोडच्या स्मशानांवर खुणा केल्या.

एका रविवारी तो लवकर परतला. मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या टेबलावर ट्रेसिंग पसरून बसले होते. तो पाणी प्यायला, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि एका खुणेवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय आहे?"

"स्मशान."

"सगळी स्मशानं दाखवतात?"

"मोठी असतील ती. तुला कशाला हवंय?"

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "मला माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने सांगितलं. नर्सिंग होमच्या दारातला एक रिक्षावाला त्याला आपल्या गावाकडे घेऊन गेला होता. ह्याला तेव्हा बंगळूरचे चार रस्ते धड ठाऊक नव्हते. मांडीवर ती होती. त्यामुळे बाहेर पाहिलंच नाही म्हणाला. कनकपुरा रोड एवढं नंतर समजलं. पुढे कुठेतरी रिक्षा आत वळली आणि एका तळ्याच्या बांधावर थांबली. बांध उतरून पाण्याच्या उलट्या बाजूला चालत गेले. जवळ छप्पर नसलेलं एक देऊळ होतं. रिक्षावाला हिंदीत म्हणाला होता की इथे पूर्वी गाव होतं, आता कोणी राहत नाही. त्यानेच खड्डा खणला. तो रिक्षावाला पुन्हा कधी त्या दारात दिसला नाही. ह्याने कितीदा जाऊन पाहिलं होतं.

"इतके रविवार तू तेच शोधत होतास?"

"दर तळ्याला जाऊन बघतो. सगळी सारखीच दिसतात."

त्या क्षणी त्याला जवळ घ्यावं, असं कोणत्याही बाईला वाटलं असतं. मी पेन्सिल घेतली. म्हटलं, "परत येताना ऊन कुठे होतं?"

"डोळ्यांवर. मला आठवतंय, काही दिसत नव्हतं."

संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर, म्हणजे परत येताना तो पश्चिमेकडे चालत होता. म्हणजे पाणी पश्चिमेला, बांध दक्षिणोत्तर, आणि ती बांधाच्या पूर्वेला. शेजारी बेचिराख गाव आणि त्यात देऊळ. मी खाली जाऊन अण्णांकडून मूळ नकाशा आणला. कनकपुरा रोड धरून बोट खाली आणलं. सगळ्याला बसेल अशी एकच जागा होती. नव्या नकाशात तिथे काहीच नव्हतं. अण्णांना मी एवढंच म्हटलं की उद्या नकाशा घेऊन जाते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरी. सावकाश जा."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी रजा घेतली. मी स्कूटरवर मागे बसले, नकाशाची गुंडाळी मांडीवर. रस्त्याला तुतीची शेतं लागली, निलगिरीची रानं लागली. मला काही वाटतंय का ते मी पाहत होते. उन्हाचा चटका लागत होता, तेवढंच.

तळं होतं. पाणी नव्हतं, तळाला भेगा पडल्या होत्या आणि शेळ्या चरत होत्या. बांध मात्र नकाशात होता तसाच. आम्ही पूर्वेच्या अंगाला उतरलो. देवळाचं जोतं दिसलं, दोन आडवे पडलेले खांब दिसले. नवरा म्हणाला, "हेच." मग त्याने पुढे पाहिलं.

जोत्याच्या पुढचं सगळं रान यंत्राने सपाट केलेलं होतं. लाल मातीचे रस्ते आखले होते आणि ओळीने पांढरे दगड रोवले होते. कोणीतरी तिथे घरांचे प्लॉट पाडले होते. झुडूप नाही, उंचवटा नाही, खड्डा नाही. एक माणूस लांबवर एका टाकून दिलेल्या टायरमध्ये बसून बिडी ओढत होता, त्याला नवऱ्याने मोडक्या कानडीत काही विचारलं. त्याने हात हलवला, एवढंच.

नवरा त्या दगडांच्या ओळींतून चालत गेला, वळला, पुन्हा चालत आला. मग मोठ्याने बोलू लागला. "मी काही खूणसुद्धा ठेवली नाही. एक दगड ठेवता आला असता. रिक्षावाला म्हणाला, सर, पीछे मत देखना, म्हणून मी पाहिलंच नाही मागे. निदान एकदा पाहायला हवं होतं ना? मी तिला टाकून आलो गं." ऑफिसात जाणारा, बिलं भरणारा, रोज रात्री दाराची कडी तपासणारा माझा नवरा त्या मातीत उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. इतके महिने मला वाटत होतं की ह्याला जागा ठाऊक आहे आणि हा ती माझ्यापासून लपवतोय.

मी नकाशा उघडला. जोत्याकडे पाठ करून उभी राहिले, सूर्य पाहिला, नकाशा फिरवला, अण्णा करायचे तशी वीत टेकवली. मग मोजल्यासारखी चालत गेले आणि एका पांढऱ्या दगडाच्या अलीकडे थांबले.

"इथे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नकाशात आहे. नक्की."

त्या नकाशात पेन्सिलीच्या टोकाखाली आमच्या अख्ख्या घराएवढी जागा झाकली जायची, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती त्या रानात कुठेही असू शकत होती. तिथे उभी राहून मला काहीही वाटलं नाही.

त्याला वाटलं. त्याने चपला काढल्या आणि खाली बसला. तळवा मातीवर ठेवला आणि थोपटत राहिला, मूल निजवताना थोपटतात तसं, हलक्या हाताने. मी नकाशाची गुंडाळी करत होते. तो वर न बघता म्हणाला, "खूप केस होते तिला. कपाळावर चिकटले होते."

माझे हात थांबले.

"मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, तिच्यापुढे विषय काढू नकोस. नाक तुझं होतं. एका कानाची पाळी जराशी दुमडलेली. रिक्षात मी ती सरळ करून बघत होतो."

मी त्याच्याजवळ खाली बसले. विचारलं, "बोटं?"

त्याने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. एवढी.

मग मला रडू फुटलं. पोटातून आलं, आवाज करत आलं, टायरमध्ये बसलेला माणूस उठून उभा राहिला. नवरा घाबरला. म्हणाला, नको, पुरे, चल घरी जाऊ, मी बोलायलाच नको होतं. मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "तुझ्या हातात दिली तिथपासून."