दोन घरं, एक नंबर

आठवीतून शाळा सुटली आणि परभणीकडचा मी विरारला येऊन पोचलो. फुलपाड्यात एका केबलवाल्याकडे काम मिळालं, गच्च्यांवर चढून वायर ओढायचं. निजायला ऑफिसातलीच मागची खोली. त्या शेटचे उपकार मी आजही मानतो. पण खोली नोकरीबरोबरची. नोकरी गेली की खोलीही जाणार, ही धास्ती उशाशी कायम असायची.

मग केबलच्या जोडीला शेटनी इंटरनेट सुरू केलं आणि त्यासाठी डिप्लोमा झालेला एक जण ठेवला. माझ्याच वयाचा, तिथलाच. दुपारी घरी जाऊन आईच्या हातचं जेवून यायचा. मी बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "केबलवाला आलाय." तो गेला की, "सर, बसा ना." वायर मीच ओढलेली, पण पंख्याखालची खुर्ची आणि चहा त्याला. मी बाहेर जिन्यात उरलेली वायर गुंडाळत बसायचो.

त्याचं काम नंबर देण्याचं. वायर जोडली म्हणून इंटरनेट येत नाही. प्रत्येक कॉम्प्युटरला आपला पत्ता लागतो, मध्ये ठिपके दिलेले चार आकडे. आमच्याकडे पहिले दोन सगळ्यांना सारखे, एकशे ब्याण्णव आणि एकशे अडुसष्ट. तिसरा बिल्डिंगचा, शेवटचा ज्याचा त्याचा. हे मी त्याच्या मागे उभा राहून पाठ केलं होतं. विचारलं कधीच नाही. विचारलं असतं तर त्यानं आनंदानं सांगितलं असतं, आणि तेच तर सलायचं.

एक दिवस शेट म्हणाले, नंबरांचं बघायला एक माणूस ऑफिसात कायम बसवायचा आहे. "तुला जमत असेल तर दाखव. ही नवी बिल्डिंग तुझी. पण तक्रार आली नाही पाहिजे."

मी पोस्टमनचा हिशेब लावला, फ्लॅटचा आकडा तोच कॉम्प्युटरचा. तिसऱ्या मजल्यावर मशीन तीनशे एक घेईना, इतका मोठा आकडा तिथं चालतच नाही. मग तिथं एकतीस टाकला आणि स्वतःवरच खूश झालो.

त्याच बिल्डिंगमध्ये चांदीप गावचे दोन भाऊ समोरासमोर राहायचे. दोनशे तीन थोरल्याचं, दोनशे चार धाकट्याचं. गावची विहीर सामाईक, तसा कॉम्प्युटरही सामाईक. वायर दोन्ही घरांत, मशीन एकच. ते मी धाकट्याकडे बसवलं, दोनशे चार नंबर घालून. दसऱ्याला धाकट्यानं नवं मशीन आणलं, त्याला झेंडूची माळ घातली. जुनं थोरल्याकडे गेलं. नव्यातही मी दोनशे चार घातला, घरच दोनशे चार ना. जुनं आता दोनशे तीनमध्ये, म्हणजे ते आपसूक दोनशे तीन झालं, असं मी धरून चाललो.

झालं, एकाचं चालू केलं की दुसऱ्याचं बंद. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी यायचं, ते मला वाचता येईना. थोरली जाऊ म्हणाली, "आमचं बंद करून त्यांचं कोन चालवतं, ते सांग आधी." धाकटीनं दारातूनच ऐकवलं की फुकटचं जुनं मशीन घेताना गोड लागलं ना, मग आता रडू नये. मी वायरीच्या टोकाच्या क्लिपा बदलल्या, जिन्यातून नवी वायर ओढली. दोघींचा अबोला सुरू झाला आणि तक्रार शेटकडे गेली. त्या रात्री मी माझी पिशवी भरून ठेवली होती.

शेटनी त्या डिप्लोमावाल्याला पाठवलं. तो एका घरात बसला, उठून समोरच्या घरात गेला, परत आला. मग जिन्यात मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "अरे, नंबर घराचा नसतो, मशीनचा असतो. मशीन फिरलं की तो पण बरोबर फिरतो." जुन्यात अजून दोनशे चारच होता, तिथं त्यानं दोनशे तीन घातला. जावांना सांगितलं की थोडं सेटिंग राहिलं होतं.

शेटनी चूक कोणाची विचारलं. तो म्हणाला, "भावाभावांत मशीन फिरतं हे कोणाला ठाऊक असणार? माझंही हेच झालं असतं."

नसतं झालं. मला माहीत होतं.

ऑफिसातली खुर्ची त्यालाच मिळाली. त्यानं शेटना सांगून तिच्याशेजारी माझ्यासाठी स्टूल ठेवून घेतलं. जे पुढे शिकलो ते त्या स्टुलावर, आणि त्याचे आभार मानायला माझे शब्द अपुरे आहेत. पण हेवा काही गेला नाही, फक्त जागा बदलून बसला. मी प्रत्येक आकडा दोनदा वाचून, बोट ठेवून टाइप करायचो. चुकलो तर कुठं जाणार, हेच डोक्यात. तो गप्पा मारत टाइप करायचा. आकडा चुकला की "अरे, हे काय" म्हणत खोडायचा आणि हसायचा. समोर बसलेले शेटही हसायचे.

त्याच्या डिप्लोमाचा नाही, पण त्या खोडण्याचा मला फार हेवा वाटायचा.