सरकलेली बेंबी

आमच्या भागात कुणाचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणून बायका माझ्याकडे येत. सासूबाईंनी शिकवलेलं काम. सकाळी उपाशीपोटी उताणं झोपवायचं, बेंबीत बोटं दाबून ठोका बघायचा. तो मधोमध नसला की एरंडेल लावून पोट चोळायचं, ठोका जागेवर आणायचा. वीस वर्षं चोळलं. कुणाला काही झालं नाही.

मोहोळहून धाकटी जाऊ दिरांबरोबर आली, डाव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून. तिथं माझ्या बोटांना गोळा लागला. ठोकाही त्याच बाजूला वाटला. सरकलीय, मी म्हणाले.

"अक्का, हात हायत का वरवंटा?" दुसऱ्या दिवशी ती ओरडली.

"गप पड. आलीय मोठी नाजूक."

तिसऱ्या दिवशी चोळून झाल्यावर ती उठली, न्हाणीपर्यंत गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. दिरांनी रिक्षा आणली, सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसलं, सीटी स्कॅनमध्ये प्लीहेवरची गाठ.

"रक्तवाहिन्यांची गाठ दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "क्वचित होते. कर्करोग नसावा, पण फुटलीय. पोटाला मार लागला होता का?"

"न्हाय," जाऊ पडल्या पडल्या म्हणाली, माझ्याकडे न बघता.

"मी चोळलं," मी म्हणाले. "तीन दिवस."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. दीर दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं.

ऑपरेशन करून प्लीहा काढली. रक्ताच्या पिशव्या चढत राहिल्या. आतला रक्तस्राव थांबला, पण ती शुद्धीवर आली नाही. चौथ्या दिवशी गेली.

गाठीचा रिपोर्ट त्यानंतर आला. साधी गाठ, कर्करोग नाही. आधी कळली असती तर ठरवून ऑपरेशन करून भागलं असतं. अशी गाठ आपोआपही फुटते, असं डॉक्टर म्हणाले. दीर तेच धरून बसलेत. मी नाही. गोळा माझ्या हाताला लागला होता आणि तो कसला, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

परवा वैरागची एक बाई लेकीला घेऊन आली.

"मी सोडलं ते," मी म्हणाले. "आधी सोनोग्राफी करा."

"त्यात बेंबी दिसती व्हय?"

"नाही. बाकीचं दिसतं."

"लई शिकल्या की तुमी!" असं म्हणून तिनं पलीकडच्या गल्लीत चोळणाऱ्या म्हातारीचं घर विचारलं. मी सांगितलं नाही. तिनं कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं.