अर्धा सूर खाली

दुपारचे चार वाजले होते आणि मी बेसिनपाशी उभा राहून मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करत होतो. गाणाऱ्या माणसाचे हे चोचले आमच्या घरात आता कुणी मनावर घेत नाही. फोन वाजला, बायकोनं उचलला आणि माझ्यापुढे धरला. पलीकडे राजू होता, आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा. "भिया, सुगत गेला," एवढंच म्हणाला. मी तोंडातलं पाणी तसंच धरून उभा राहिलो, टाकायचं सुचलंच नाही... महूच्या घरी जेवून, पंखा लावून तो आडवा झाला होता. वहिनी चहाला उठवायला गेल्या तर उठला नाही. राजू सांगत होता आणि मला वाटत होतं, बरोबर आहे, हा असाच जाणार. तो वाजवायचासुद्धा डोळे मिटून. पस्तीस वर्षं मी त्याच्यासोबत स्टेजवर गायलो, पण गाणं चालू असताना त्याचे डोळे उघडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

'दूसरी पाली' हे आमच्या बँडचं नाव इंदूर-देवास-उज्जैनकडच्या एका पिढीला तरी आठवत असेल. पोलोग्राउंड या इंदूरच्या कारखान्यांच्या भागात राजूच्या वडिलांचा लेथचा कारखाना होता. पहिली पाळी सुटली की त्याच शेडमध्ये आमची सुरू व्हायची, म्हणून हे नाव. मी बँकेत लागलो होतो, गाणी लिहायचो आणि गायचो. आमच्या तीन कॅसेट निघाल्या. तिन्हींवर माझं नाव ठळक आहे, आणि सुगतचं नाव आतल्या घडीत, बारीक अक्षरांत आहे. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. बँड म्हणजे गायक, बाकीचे त्याच्या मागे उभे राहणारे, असंच मी धरून चाललो होतो.

सुगत पहिल्यांदा शेडमध्ये आला तो गिटार चादरीत गुंडाळून. महूहून बसनं आला होता. त्याचे आजोबा फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांनी नातवाला वाजवायला शिकवण्याआधी ऐकायला शिकवलं होतं. तो आला, कुणाशी काही न बोलता लेथशेजारच्या बाकावर बसला आणि थोड्या वेळानं राजूला म्हणाला, "तुझ्या दोन मशिनी आहेत नं, त्या बिलकुल एका सुरात नाही चालत. कोपऱ्यातली जरा उतरली आहे." राजूच्या वडिलांनी खरंच ती मशीन उघडून पाहिली. पट्टा ढिला निघाला. तेव्हापासून त्या घरात सुगतला जावयासारखा मान होता, आणि मला मात्र "तू जरा हळू ओरड" एवढंच ऐकायला मिळायचं.

पहिली कॅसेट 'पोलोग्राउंड'. तिच्या शीर्षकगीतात मी पाच कडवी लिहिली होती, एकाहून एक जोरदार. सुगतनं ती सगळी शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "चौथं मला दे." म्हणजे चौथ्या कडव्याचे शब्द काढायचे आणि तिथं त्याची गिटार. मी चिडलो, दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ते वाजवून दाखवलं. संध्याकाळी महूच्या लष्करी छावणीत जो बिगुल वाजतो त्याचेच सूर होते, पण वळवलेले, ओढून लांबवलेले... उन्हं कलल्यावर मैदानावर सावल्या लांब होतात, तसं काहीतरी दिसायला लागलं. "यात काय खास आहे? हे तर रोजचं आहे," मी उगाच म्हणालो. तो हसला. "रोजचंच आहे. म्हणून तर कोणी ऐकत नाही." आज लोक मला भेटले की त्याच चौथ्या कडव्याबद्दल बोलतात. त्यात माझा एकही शब्द नाही.

दुसरी कॅसेट 'मानपुर के आगे', आणि जी गोष्ट मला सांगायची आहे ती तिथूनच सुरू होते. रेकॉर्डिंग मे महिन्यात, शेडमध्येच, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी केलं. पत्रे तापलेले, अंगाला शर्ट चिकटलेला. भाड्यानं आणलेलं टेप मशीन एका टेबलावर होतं. उन्हाळ्यात व्होल्टेज पडायचं, आणि साऱ्या शेडमध्ये स्टॅबिलायझर एकच. मी हट्ट धरला की तो कूलरला लागला पाहिजे, नाहीतर माझा गळा सुकतो. दोन टेकच्या मध्ये कूलर चालवायचा, टेक सुरू झाला की बंद करायचा. स्टॅबिलायझर तिथून हलवायचा कंटाळा सगळ्यांनाच आला होता, त्यामुळे टेप मशीन बिचारं त्या पडलेल्या व्होल्टेजवर दुपारभर कसंबसं फिरत राहिलं. हळू फिरलं म्हणजे काय झालं, ते कॅसेट छापून आल्यावर कळलं. घरच्या नीट चालणाऱ्या टेपवर लावली तर सगळी गाणी अर्धा सूर चढून वाजत होती. माझा आवाज जरा कोवळा, जरा धारदार झालेला. सगळ्यांना वाटलं, कॅसेट वाया गेली. सुगतनं डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाला, "राहू दे. असं वाटतंय की सगळं थोडं दूर घडतंय. गाणं मानपुरच्या पुढचंच आहे नं?"

आणि तीच कॅसेट चालली. कॉलेजांत, ढाब्यांवर, मानपुरच्या घाटातून खाली उतरणाऱ्या गाड्यांत. मग एका कार्यक्रमात आम्ही ती गाणी मूळच्या पट्टीत वाजवली, तर पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "भिया, कैसेट वाली बात नी आ री!" त्यानंतर सुगतनं गिटारच अर्धा सूर चढवून जुळवायला सुरुवात केली. तारा तुटायच्या, तो खिशात जादा घेऊन फिरायचा. मलाही तेवढं वर चढावं लागलं, आणि मी चढलो. त्या चढलेल्या पट्टीचा मला फार गर्व झाला. चुकीनं आलेली गोष्ट होती, पण मी ती माझ्या गळ्याची करामत म्हणून मिरवली.

सुगतची एक रीत होती. कार्यक्रमाआधी तारा जुळवताना तो मला जवळ थांबू देत नसे. "अरुण, तू जाऊन चहा पी. मी तोवर जुळवतो." मी चहाला जायचो, परत यायचो, तो डोळ्यांनीच हो म्हणायचा आणि आम्ही सुरू करायचो. मला वाटायचं, गायकाचा मान ठेवतोय.

तिसरी कॅसेट बऱ्याच वर्षांनी, मला पन्नाशी लागल्यावर निघाली. 'ठंडी सड़क'. तोवर कॅसेट ऐकणारे संपले होते, आम्ही हौसेनंच काढली. त्यात सुगत फारच कमी वाजवतो. एका आख्ख्या गाण्यात चार सूर, आणि तेही माझ्या ओळींच्या शेवटी, मी थांबतो तिथं. मी राजूला म्हटलं होतं, "हा आळशी झाला यार." हल्ली ती पुन्हा पुन्हा लावून ऐकतो. माझा श्वास जिथं संपतो, बरोबर तिथं त्याची गिटार येते आणि ओळ पुढे नेते. सूर कुठं माझा थांबला आणि कुठं त्याचा लागला, हे मला स्वतःला ओळखू येत नाही...

दोन वर्षांपूर्वी महूत आमचा कार्यक्रम झाला. हॉल भरलेला होता. 'मानपुर' संपल्यावर मी माईक हातात घेऊन म्हणालो, "साठी उलटली मंडळी, पण पट्टी तीच आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे वळून पाहिलं तर सुगतही टाळ्या वाजवत होता.

त्याच्या पुण्यानुमोदनाला घरी बुद्धवंदना झाली, साधी. त्यानंतर त्याच हॉलमध्ये त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचं ठरलं. गिटारवर ऋचा. महूच्या एका शाळेत शिकवते, सुगतकडे नऊ वर्षं शिकली, आमच्या तिन्ही कॅसेट तिला तोंडपाठ. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी आम्ही शेडमध्ये सरावाला जमलो. मी माझ्या आवडत्या 'मानपुर'नं सुरुवात केली. मुखडाच जड गेला. अंतऱ्याला आवाज चढलाच नाही, फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. "तुझं ट्यूनिंग चुकलंय," मी ऋचाला जरा जोरातच म्हणालो. तिनं ट्यूनर माझ्यापुढे धरला. "नाही काका, बघा नं. कैसेटला एकदम मैच करून लावलीये."

राजू बेसच्या तारा फडक्यानं पुसत होता. खरं तर त्या स्वच्छ होत्या.

"राजू?"

"सच सांगू का, भिया?" तो वर न बघता म्हणाला. "तू कैसेटवाल्या पट्टीत गाऊन दहा-बारा साल झाले."

मग त्यानं सगळं सांगितलं. एका कार्यक्रमात माझा गळा ओढला जातोय हे सुगतच्या लक्षात आलं होतं. पुढच्या वेळी त्यानं गिटार किंचित उतरवली. मग वर्षा-दोन वर्षांनी अजून थोडी. आधी ती मूळच्या पट्टीवर आली, मग त्याच्याही खाली गेली, शेवटी शेवटी तर कॅसेटपेक्षा पुरे दोन सूर खाली. राजूनं प्रत्येक वेळी आपला बेस तिच्याबरोबर उतरवला. ड्रमवाल्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. मला तेवढं नव्हतं, कारण बँडमध्ये काहीही जुळवण्याची तसदी न घेणारा मी एकटा होतो. मी चहा पीत होतो.

"शपथ घातली होती त्यानं," राजू म्हणाला. "म्हणे, अरुणला कोणी बोललं तर मी वाजवणं सोडेन."

मला आधी राग आला. खराखुरा, अंग तापवणारा राग. मेलेल्या मित्राचा राग येणं किती विचित्र असतं, ते ज्याला आलंय त्यालाच कळेल. आपण काय समजून जगलो आणि हे सगळे पाठीमागे काय समजून हसत असतील... मी कार्यक्रम करत नाही म्हणून सांगितलं. त्या पट्टीत मला गाता येणार नव्हतं, आणि खालच्या पट्टीत गायलो तर दोन वर्षांपूर्वीची माझी बढाई त्याच हॉलमध्ये उघडी पडणार होती. दुसऱ्या दिवशी तणतणत महूला वहिनींकडे गेलो. त्यांनी माझं सगळं बोलून होऊ दिलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे म्हणायचे, अरुणला खाली ये म्हटलं तर तो खाली येणार नाही. तो गाणंच बंद करेल. आणि तो गायचा थांबला तर मी कोणाला वाजवू?"

त्यांनी आतून गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी त्यानं वाजवली होती, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. मला वाजवता येत नाही. मी अंगठ्यानं सगळ्यात जाड तार छेडली आणि तिच्या सुरात तोंडातल्या तोंडात 'मानपुर' गुणगुणलो. गळा कुठंही ओढला गेला नाही. मी कुठं उभा आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मग मी रडलो, वहिनींसमोरच, आणि त्यांनी पंखा जरा मोठा केला.

कार्यक्रम झाला. ऋचानं ती गिटार आहे तशी घेतली. त्या दिवशी ती तारा तपासत असताना मी चहाला गेलो नाही, बाजूला उभा राहिलो. गाण्याआधी मी माईकवर सगळं सांगून टाकलं. कूलरचं, स्टॅबिलायझरचं, आणि बारा वर्षं माझ्या पाठीमागे उतरत गेलेल्या तारांचं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. 'पोलोग्राउंड'च्या चौथ्या कडव्याला ऋचानं डोळे मिटले, आणि माझी जीभ तिथं माझे जुने, काढून टाकलेले शब्द शोधत होती. एकही आठवला नाही.

आता मी दर रविवारी महूला जातो. वहिनी चहा टाकतात, मी सुगतच्या खोलीत बसून ती जाड तार छेडतो आणि तिनं दिलेल्या सुरात एक गाणं म्हणतो. खुंट्यांना कुणी हात लावत नाही. न वाजवलेली गिटार आपोआप उतरत जाते, हे मला या वयात कळलं. गेल्या रविवारी ती आणखी थोडी उतरली होती, माझ्याही लक्षात येण्याइतकी. वहिनी दारात उभ्या होत्या.

"ऋचाला सांगू का? लावून देईल," त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं, आणि ती जिथं उतरली होती तिथून गायला लागलो.